नऊ बाइटांचे पेण

युनिक्स किंवा लिनक्स अपग्रेड केले की दुसऱ्या दिवशी तक्रारी सुरू होतात. बाणाची कळ दाबली तर कर्सर हलण्याऐवजी रोमन अक्षरे उमटतात, खोडायला गेले तर भलतीच खूण पडते आणि ‘पेण’ नावाच्या फाइलच्या जागी आकड्यांची माळ दिसते. एडिटर बिघडला, फाइल गेली, असे समजून माणसे सगळी प्रणाली नव्याने टाकायला निघतात. माझे म्हणणे असे, की बहुतेक वेळा यातले काहीच बिघडलेले नसते. टर्मिनल, शेल आणि एडिटर यांच्यात ठरलेल्या खुणा तेवढ्या बदललेल्या असतात. रेल्वेतही अशी हद्द असते: पेणहून निघालेली गाडी रोह्याला पोचते तिथे मध्य रेल्वेची हद्द संपते आणि कोकण रेल्वेची सुरू होते. हद्दीवर गाडी खोळंबली म्हणून कोणी डबे उघडून पाहत नाही.

बाणाच्या कळीचेच घ्या. १९७८ च्या व्हीटी-१०० टर्मिनलपासून चालत आलेल्या रीतीने ही कळ एक नव्हे, तीन खुणा पाठवते: एस्केप, मग मोठा ‘ओ’ किंवा चौकोनी कंस, आणि शेवटी वरच्या बाणासाठी ‘ए’, खालच्यासाठी ‘बी’. जुन्या वळणावर चालणारा व्हीआय एडिटर या खुणा सुट्या वाचतो. एस्केप म्हणजे लिहिणे थांबव, मोठा ‘ओ’ म्हणजे वर नवी ओळ उघड. मग उरलेला ‘ए’ त्या ओळीत जाऊन बसतो. म्हणजे एडिटर आज्ञा चोख पाळतो आहे, फक्त ती त्याला तुकड्यांनी कळते आहे. उबुंटूवर विम या व्हीआयच्याच सुधारित रूपाची छोटी आवृत्ती एकटी राहिली की नेमके हे होते. सेटिंगमध्ये ‘नोकम्पॅटिबल’ची एक ओळ घातली की थांबते. सगळा पडदाच विस्कटला असेल, तर काही दिसत नसतानाही ‘रीसेट’ टाइप करून एंटर दाबावे. एंटरही चालत नसेल तर कंट्रोल आणि ‘जे’.

मराठीच्या बाबतीत घाबरायला होते, ते मी समजू शकतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते. प, एकाराची मात्रा आणि ण मिळून पेणचे नऊ बाइट, तर रोह्याचे बारा. अपग्रेडनंतर लोकेल, म्हणजे भाषा आणि लिपीचे सेटिंग, ‘सी’वर गेले, तर यादी दाखवणारी ‘एलएस’ आज्ञा ‘प’ऐवजी ३४०, २४४, २५२ असे आकडे छापते. हे आकडे हाच पुरावा आहे: बाइट जागच्या जागी आहेत, त्यांना अक्षरे म्हणून वाचणारा नियम तेवढा हरवला आहे. लोकेल यूटीएफ-८ केले की पेण परत येते. धोका वेगळाच आहे. घाईने ती फाइल ‘दुरुस्त’ करून सेव्ह केली, तर मात्र अक्षरे खरोखरच जातात.

कोणी म्हणेल, एवढे शोधत बसण्यापेक्षा एडिटर काढून पुन्हा टाकावा. पण तसे केल्याने होम डिरेक्टरीतल्या सेटिंगच्या फाइली बदलत नाहीत आणि दोष बहुधा तिथेच असतो, म्हणून तो नव्या एडिटरलाही भेटतो. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: कधी कधी फाइलच वेगळी असते. तेही खरे. १९९१ च्या भारतीय मानकातील इस्की पद्धतीत एका चिन्हाला एकच बाइट लागे, म्हणून तिथे पेण तीन बाइटांत मावे. अशा जुन्या फाइलला लोकेल बदलून गुण येणार नाही, तिचे रूपांतरच करावे लागेल. पण फाइल कोणत्या जातीची आहे हे बाइट मोजल्याशिवाय कळणार कसे? मोजणे दोन मिनिटांचे काम आहे, आणि रूपांतर करायचेच तर ते प्रतीवर करावे.

म्हणून अपग्रेडच्या आदल्या दिवशी तीन गोष्टी कागदावर उतरवून ठेवा: टर्मिनलचा प्रकार सांगणाऱ्या ‘टर्म’चे मूल्य, ‘लोकेल’चे उत्तर आणि ‘एसटीटीवाय’ने दाखवलेली खोडण्याची कळ. दुसऱ्या दिवशी अडलेच, तर फाइलला हात लावण्याआधी तो कागद काढा.