हप्ता थांबला आणि पूर आला!

दुकानदार आणि जोडधंदा करणाऱ्या शेतकरी बंधूंनो,

पेरणीची वेळ तुम्ही चुकवत नाही. पण दुकानाच्या, गिरणीच्या किंवा पोल्ट्रीच्या विम्याची मुदत कधी संपते, हे तुमच्यापैकी किती जण चटकन सांगतील?

शिरोळ तालुक्यातलं एक कृषी सेवा केंद्र. मालावर बँकेचं कर्ज होतं. विमा बँकच उतरवायची, हप्ता खात्यातून परस्पर वळता व्हायचा. २०१९ च्या उन्हाळ्यात मालकांनी कर्ज फेडलं, पेढे वाटले. जूनमध्ये विम्याची मुदत संपली. कर्जच नाही, त्यामुळे बँकेने हप्ता कापला नाही. मुलाने आठवण केली, तर म्हणाले, "इतकी वर्सं भरला, काय मिळालं? दिवाळीनंतर बघू." ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेला महापूर आला. पुरानंतर आम्ही पाहणीला गेलो, तेव्हा युरियाची पोती रिकामी आणि बियाण्याला कुजका वास. भरपाई शून्य!

आयुर्विम्याचा हप्ता लांबला तर सवलतीचे दिवस मिळतात. तोच हिशेब लोक दुकानाला लावतात आणि फसतात. आग-पुराचा विमा हा साधारणपणे एका वर्षाचा करार असतो. १९३८ च्या विमा कायद्यातील ६४ व्हीबी कलमाप्रमाणे हप्ता आगाऊ मिळाल्याशिवाय कंपनी जोखीम घेऊ शकत नाही. मागची दहा वर्षे हप्ते भरले असले, तरी मुदतीनंतरच्या नुकसानीला त्यांचा आधार नाही.

मग काय करावे? कर्ज फिटले की त्याच दिवशी बँकेत विचारा : "विमा कधीपर्यंत आहे? पुढचा हप्ता कोण भरणार?" मुदतीची तारीख दुकानातल्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहा. पैशाची ओढ असली तरी विमा बंद करू नका; रक्कम फार कमीही करू नका. दहा लाखांच्या मालाचा विमा पाच लाखांचाच असेल, तर दोन लाखांच्या नुकसानीला एक लाखच हाती येतो. छोट्या धंद्यांसाठी १ एप्रिल २०२१ पासून 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' हा विमा आहे. एका जागेवरची मालमत्ता पाच कोटींपर्यंत असेल तर तो घेता येतो. आग, वीज, वादळ, पूर त्यात येतात.

तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही. पाणी पात्राबाहेर पडल्यावर विम्यासाठी धावण्यातही अर्थ नाही. तेव्हा आज घरी गेल्यावर एवढंच करा. पेटीतला विम्याचा कागद काढा आणि तारीख बघा.