नहपानाच्या चेहऱ्यावर सातवाहनांचा शिक्का

जुन्नरजवळच्या नाणेघाटात लोक दगडी रांजणाशी फोटो काढतात आणि निघतात. मंडळी, जरा लेण्यात डोकवा! सातवाहन राणी नागनिकेच्या शिलालेखात यज्ञाची दक्षिणा कोरली आहे: गायी, घोडे, हत्ती आणि हजारोंनी कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी.

पुढे जुन्नर सातवाहनांकडून क्षत्रप नहपानाकडे गेलं. मानमोडीच्या लेण्यांत त्याच्या अयम नावाच्या अमात्याचा वर्ष 46 चा लेख आहे. नहपानाचं चांदीचं नाणं झकासच: एका बाजूला राजाचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, लेख ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठीत. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं नहपानाला हरवलं, पण नाणी वितळवली नाहीत. त्यांवरच आपला तीन कमानींचा डोंगर आणि उज्जैन चिन्ह ठोकलं. 1906 साली नाशिककडच्या जोगळटेंभीला नहपानाच्या 13,000 हून जास्त नाण्यांचा साठा निघाला, त्यांतल्या बऱ्याच नाण्यांवर असा शिक्का होता. काहींवर शिक्क्याखालून नहपानाचं नाक अजून डोकावतं. विजयाची याहून स्वस्त जाहिरात मी पाहिलेली नाही.

सातवाहनांची शिशाची आणि पोटीनची (तांब्याच्या मिश्रधातूची) नाणी मात्र काळपट, ओबडधोबड. दगड समजून सहज फेकली जातील. जुन्नर-आंबेगावच्या शेतकरी मित्रांनो, नांगरताना असं काही सापडलं तर चिंचेनं घासू नका, सोनाराकडे नेऊ नका. थेट तहसील कार्यालयात कळवा.