देहाचे पहारेकरी

इंद्रायणीच्या काठी, आळंदीजवळ चऱ्होली हे गाव आहे. आज ते पिंपरी-चिंचवड नगरात आले आहे. जुन्या काळी गावोगावी वेशीवर पहारेकरी असत. अनोळखी माणूस दिसला, की ते त्यास हटकीत. आपल्या देहातही असे पहारेकरी आहेत. रक्तातील पांढऱ्या पेशी रोगजंतूंना ओळखतात व त्यांचा नाश करतात. या सामर्थ्यास रोगप्रतिकारशक्ती म्हणतात.

परंतु कधी कधी हे पहारेकरी मित्रासही शत्रू समजतात. एखाद्याची मूत्रपिंडे निकामी झाली, तर दुसऱ्याने दिलेले मूत्रपिंड त्याच्या शरीरात बसविता येते. १९५४ साली अमेरिकेतील बॉस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी ही शस्त्रक्रिया प्रथम यशस्वी केली. देणारा व घेणारा हे अगदी एकसारखे जुळे भाऊ होते. म्हणून पेशींना नवा अवयव परका वाटला नाही. इतरांच्या शरीरात मात्र त्या नव्या अवयवावर तुटून पडतात. त्यांना आवरण्यासाठी रोग्यास रोज औषधे घ्यावी लागतात. अवयव टिकतो, पण पहारा ढिला पडतो.

ही संधी विषाणू साधतात. काही विषाणू तर आधीपासूनच घरात दडलेले असतात. कांजिण्या बऱ्या झाल्या, तरी त्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी निद्रिस्त राहतो आणि पहारा ढिला पडताच नागीण होऊन उठतो. सायटोमेगॅलोव्हायरस नावाचा विषाणूही पुष्कळांच्या शरीरात निमूटपणे राहतो. निरोगी माणसास त्याचा उपद्रव सहसा जाणवत नाही. पण अवयव बदललेल्या रोग्याची फुप्फुसे, आतडी वा डोळे तो बिघडवू शकतो. कधी तो नव्या अवयवाबरोबरही येतो. म्हणून डॉक्टर वारंवार रक्त तपासतात व पहिल्या काही महिन्यांत पुष्कळांना विषाणुरोधक औषधेही देतात.

काही विषाणू मात्र बाहेरून येतात. आजाऱ्याच्या समाचारास जाणे ही आपली चांगली रीत आहे. परंतु आपल्याला साधे पडसे झाले असले, तरी अशा रोग्याकडे जाऊ नये. जे पडसे आपल्याला चार दिवस शिंकावयास लावते, ते त्याला रुग्णालयात नेऊ शकते. कार्तिकीच्या गर्दीत त्याला येण्याचा आग्रह करू नये. भेटीपूर्वी साबणाने हात धुवावेत. जिवंत विषाणूंच्या लसी अशा रोग्यास सहसा देत नाहीत. म्हणून घरातील इतरांनी डॉक्टरांना विचारून आपल्या लसी वेळेवर घ्याव्यात.

ज्याच्या देहाचे पहारेकरी दुबळे झाले, त्याचा पहारा शेजाऱ्यांनी करावा. हाच खरा शेजारधर्म होय.