मंद आचेची भट्टी भडकते तेव्हा

भिलाईत भट्टी म्हणजे काय, हे शाळकरी मुलालाही सांगावे लागत नाही. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि नोकरीनिमित्त आलेली अनेक मराठी कुटुंबे इथलीच झाली. भट्टीपाशी घाम गाळलेले पुरुष आता आजोबा झाले आहेत. प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग गाठतो तो बहुधा याच वयात.

आपल्या बहुतेक पेशींतही इवल्या भट्ट्या असतात. त्यांना मायटोकाँड्रिया म्हणतात. प्राणवायूच्या मदतीने अन्न जाळून त्या ऊर्जा देतात. या ज्वलनाचे चक्र हान्स क्रेब्स यांनी १९३७ साली उलगडले.

प्रोस्टेटची रीत मात्र निराळी. मूत्राशयाखालच्या या ग्रंथीला वीर्यातील द्रवासाठी भरपूर सायट्रेट लागते. म्हणून तिच्या पेशी जस्त साठवतात. जस्तामुळे सायट्रेट जळत नाही, साठून राहते. भट्टी मंदच तेवते. कर्करोग झाला की पेशीतले जस्त घटते, अटकाव सुटतो आणि सायट्रेट जळू लागते. वाढीला हवी ती ऊर्जा कर्कपेशीला मिळते.

साखरेचा गैरसमज

ऑटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवले, की अनेक कर्कपेशी साखर अधाशीपणे ओढतात. साखरेवर आधारलेला पेट स्कॅन याच गुणावर चालतो. पण सुरुवातीचा प्रोस्टेट कर्करोग त्यात अनेकदा दिसतच नाही. म्हणून त्यासाठी पीएसएमए पेट ही वेगळी तपासणी वापरतात.

‘साखर तोडा, कर्करोग उपाशी मरेल’ असे कुणी सांगितले म्हणून आजोबांचे जेवण तोडू नका. त्याने रोग नव्हे, माणूस खंगतो. जस्ताच्या गोळ्याही मनाने देऊ नका. गेलेले जस्त त्यांनी पेशीत परत येत नाही.

सुरुवातीला हा रोग बहुधा काहीच त्रास देत नाही. लघवीची धार बारीक होणे किंवा रात्री वारंवार उठावे लागणे, हे बरेचदा ग्रंथीच्या साध्या वाढीनेही होते. तरी डॉक्टरांना दाखवावे. लघवीत रक्त दिसले किंवा कंबरदुखी हटत नसेल, तर मुळीच थांबू नये. पन्नाशीनंतर पीएसए ही रक्ततपासणी करावी का, हेही डॉक्टरांना विचारावे. आकडा वाढला म्हणजे कर्करोगच, असे नाही.

भट्टीवरचा कामगार नुसत्या धुरावरून आगीचा अंदाज बांधत नाही, मोजमाप घेतो. घरच्यांनीही तेच करावे.