स्थलांतर आणि स्थूलता

मनुष्य एका ठिकाणची वस्ती सोडून दुसरीकडे राहावयास गेला, म्हणजे त्याचा शेजार, धंदा व बोलण्याची रीत बदलते, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. त्याबरोबर त्याचा देहही बदलतो, ही गोष्ट मात्र अलीकडच्या काळातच मोजमापाने सिद्ध झाली. भारतात हा प्रश्न विशेषेकरून स्त्रियांचा आहे. २०११ च्या जनगणनेत सुमारे ४५ कोटी स्थलांतरितांची नोंद झाली. त्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक स्त्रिया होत्या व त्यांच्या स्थलांतराचे सर्वांत मोठे कारण विवाह हे होते. पुष्कळजणी एका खेड्यातून दुसऱ्या खेड्यात गेल्या. परंतु ज्या पतीच्या नोकरीमुळे शहरात आल्या, त्यांची दिनचर्या मुळापासून पालटली.

स्थूलता ठरविण्याची एक सोपी रीत आहे. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे. येणाऱ्या संख्येस देहभारांक म्हणतात. जगात सामान्यतः ३० व त्यापुढील अंक स्थूलतेचा मानतात. भारतीयांमध्ये त्याहून कमी वजनातच मधुमेह व हृदयविकार यांचा धोका दिसू लागतो. म्हणून भारतीय तज्ज्ञांनी २००९ साली ही मर्यादा २५ ठरविली. दीड मीटर उंचीच्या स्त्रीच्या बाबतीत ती सुमारे ५६ किलोग्रॅम येते.

भावंडांची तुलना

शहरातील माणूस खेड्यातील माणसाहून स्थूल असला, तर तो परिणाम शहराचा की आनुवंशिकतेचा? शिवाय गाव सोडणारी माणसे मूळचीच निराळ्या प्रकृतीची नसतील कशावरून? या शंकांचे शक्य तेवढे निरसन व्हावे म्हणून २००५ ते २००७ या काळात शास्त्रज्ञांनी एक युक्तीची पाहणी केली. लखनौ, नागपूर, हैदराबाद व बंगळूर येथील कारखान्यांत काम करणारे, खेड्यांतून आलेले कामगार व त्यांचे पती वा पत्नी निवडण्यात आले; आणि गावीच राहिलेल्या त्यांच्या भावाबहिणींशी त्यांची तुलना करण्यात आली. एकाच आईबापांच्या पोटी जन्मून एकाच अंगणात वाढलेली ही भावंडे. त्यांच्यात पुढे जो फरक पडला, त्याचा पुष्कळसा भाग स्थळाच्या पदरी घालता येतो.

या पाहणीचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. खेड्यातील पुरुषांत स्थूलतेचे प्रमाण शेकडा १९, स्थलांतरितांत शेकडा ३८ व शहरातच वाढलेल्यांत शेकडा ४२ आढळले. स्त्रियांतही कल हाच होता. शहरी आयुष्याची वर्षे मोजून पाहता आणखी एक महत्त्वाची गोष्ट कळून आली. शरीरातील मेद पहिल्या दहा वर्षांतच झपाट्याने वाढतो. रक्तदाबासारखे दोष मात्र त्यानंतर हळूहळू वाढत जातात. म्हणजे आजार प्रकट होण्यापूर्वी सावध होण्यास बराच अवधी मिळतो.

देश ओलांडल्यावर

हा अनुभव केवळ भारताचा नव्हे. पश्चिम आफ्रिकेतील घाना देशाच्या लोकांची अशीच एक पाहणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. तीत ३० हा अंक मर्यादा धरला होता. घानातील खेड्यांत शेकडा सुमारे ८ स्त्रिया स्थूल होत्या. त्याच देशातील शहरांत हे प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास होते, तर लंडनमध्ये स्थायिक झालेल्या घानाच्या स्त्रियांत ते निम्म्याहून अधिक होते. पुरुषांतही वाढ दिसली, परंतु प्रत्येक ठिकाणी स्त्रियांचे प्रमाण अधिक होते. समुद्र ओलांडला नाही तरी शहराचा परिणाम होतोच, हे यावरून स्पष्ट होते.

कारणे

खेड्यातील स्त्री पाणी वाहते, सरपण गोळा करते, निंदणी-कापणी करते. शहरात नळ व गॅस आले, शेत सुटले. हे कष्ट कमी झाले हे इष्टच आहे. हंड्यांची ओझी पुन्हा डोक्यावर द्यावीत, असे कोणी म्हणणार नाही. परंतु कष्टांबरोबर शरीराची हालचालही गेली आणि तिच्या जागी दुसरी आली नाही. दुसरीकडे तेल, साखर व तयार पदार्थ हाताशी आले. एक ग्रॅम तेलापासून ९ किलोकॅलरी उष्णता मिळते, तर एक ग्रॅम पिष्टापासून ४. म्हणून रोजच्या जेवणात दोन चमचे तेल वाढले, तरी ताटातील अन्न तेवढेच दिसते आणि शिल्लक उष्णता मेदाच्या रूपाने साठत जाते.

याला आळस म्हणणे अन्यायाचे होईल. २०१९ च्या केंद्रीय पाहणीत घरकाम करणाऱ्या भारतीय स्त्रीचे त्यात दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे, तर घरकाम करणाऱ्या पुरुषाचे ९७ मिनिटे जातात असे आढळले. दिवसभर कामात राहूनही देहाला पुरेसा व्यायाम घडत नाही, असा हा विचित्र पेच आहे. त्यातच नवी वस्ती, अपरिचित भाषा व एकटीने बाहेर पडण्याचा संकोच यांची भर पडते.

उपाय

म्हणून केवळ ‘कमी खा’ असा उपदेश पुरेसा नाही. तेलाचे माप ठरविणे, भाकरी, डाळी व भाज्या ही गावाकडची जेवणाची पद्धत टिकविणे आणि रोज अर्धा तास भरभर चालणे, हे घरातील उपाय होत. घरकामात पुरुषांनी वाटा उचलल्यास त्या अर्ध्या तासाला सवड मिळेल. परंतु चालावयास निर्धोक पदपथ व उजेडाचे रस्ते हवेत, आणि नव्याने आलेल्या स्त्रियांचे वजन, रक्तदाब व रक्तातील साखर यांची तपासणी वस्तीजवळच व्हावयास हवी. ही कामे नगरांची आहेत. ती पहिल्या दहा वर्षांत झाली, तर पुढील अनेक वर्षांचा मधुमेह लांबविता येईल.