पाढ्यातला नाद : वेव्हटेबल सिंथेसिस कसं चालतं?

(गोंदिया इथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)

आजचा विषय नावानं परका वाटेल, पण त्याचं काम आपल्या ओळखीचं आहे. दिवाळीनंतर आपल्याकडे मंडई भरते आणि रात्री नाटक होतं. झाडीपट्टीच्या नाटकात, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या या पट्ट्यात, ऑर्गनचा सूर जुना आहे. आता तिथे कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडही दिसतात. कीबोर्ड कोणत्याही कंपनीचा असो, आपण त्याला कॅसिओच म्हणतो. त्यातही ‘ऑर्गन’ नावाचं बटण असतं. ते दाबलं की ऑर्गनसारखा आवाज येतो, पण जाणत्या कानाला काहीतरी कमी वाटतं. ते कमी काय आहे, हे आज समजून घेऊ. त्यासाठी वेव्हटेबल हा चांगला रस्ता आहे.

नादाचे तीन गुण

संगीताच्या पहिल्या परीक्षांनाच आपण शिकतो की नादाचे गुण तीन : उच्चनीचता, लहानमोठेपणा आणि जाती. सूर किती उंच, किती मोठा, आणि तो बासरीचा की पेटीचा. हे तीन शब्द लक्षात ठेवा. पुढचं सगळं यांच्यावरच उभं आहे.

पेटीची एक पट्टी दाबून धरली की हवेचा दाब वरखाली होत राहतो. या वरखाली होण्याचा एक नमुना असतो आणि तोच पुन्हा पुन्हा येतो. पांढरी सहाचा सूर सेकंदाला 220 कंपनांचा असेल, तर तो नमुना सेकंदात 220 वेळा येतो. एका फेरीला आपण आवर्तन म्हणू. त्या आवर्तनाचा आकार म्हणजे नादाची जात. गुळगुळीत आकार असेल तर आवाज बासरीकडे झुकतो, धारदार असेल तर पेटीकडे. धारदार का? कारण त्यात मूळ कंपनाच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे उपस्वर भरपूर असतात.

पाढा का पाठ करतात?

सात आठे किती, असं विचारलं तर तुम्ही सात वेळा आठ मिळवत बसत नाही. पाढा पाठ आहे, उत्तर तयार आहे. संगणकानंही हेच केलं. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी 1957 पासून संगणकाकडून संगीत वाजवून घेण्याचे कार्यक्रम लिहिले. त्या काळच्या यंत्राला प्रत्येक क्षणाला तरंगाचं गणित नव्यानं करणं फार जड जायचं. म्हणून एका आवर्तनाच्या किमती एकदाच काढून कोष्टकात ठेवायच्या आणि मग नुसत्या वाचत जायच्या, अशी रीत आली. वेव्हटेबल म्हणजे तरंगाचं कोष्टक. पाढाच म्हणा ना.

समजा कोष्टकात 2048 घरं आहेत. प्रत्येक घरात एक आकडा आहे आणि सगळे मिळून एक आवर्तन होतं. संगणक स्पीकरकडे सेकंदाला 44,100 आकडे पाठवतो. त्यानं एकेक घर वाचलं, तर सेकंदात साधारण साडेएकवीस फेऱ्या होतील. हा फारच खर्जातला सूर झाला. आपल्याला 220 हवेत. मग काय करायचं? घरं गाळत, उड्या मारत वाचायचं. हिशेब सोपा आहे : 220 गुणिले 2048 भागिले 44,100, म्हणजे 10.22. दर वेळी 10.22 घरं पुढे जायचं, आणि शेवट ओलांडला की पुन्हा सुरुवातीकडे वळायचं. वरच्या सप्तकातला तोच सूर हवा असेल तर उडी दुप्पट, 20.43 घरांची.

आता कोणी म्हणेल, 10.22 नंबरचं घर कुठे असतं? नसतंच. दहाव्या घरात 0.40 आणि अकराव्यात 0.50 असेल, तर आपण मधला अंदाज घेतो, 0.42. हा अंदाज घेतला नाही तर सुरात बारीक खरखर येते.

म्हणजे बघा, उडी किती लांब यावरून उच्चनीचता ठरली. आलेल्या आकड्याला लहान किंवा मोठ्या संख्येनं गुणलं की लहानमोठेपणा ठरला. राहिली जात.

एक नाही, अनेक आवर्तनं

इथे जर्मनीतले वोल्फगांग पाम येतात. 1970च्या दशकाच्या शेवटी त्यांनी आपल्या पीपीजी कंपनीच्या यंत्रांत एका आवर्तनाऐवजी आवर्तनांची रांगच ठेवली. पीपीजी वेव्ह या वाद्याच्या एका कोष्टकात 64 आकार असायचे. पहिला गुळगुळीत, शेवटचा धारदार, असं समजा. सूर वाजत असतानाच या रांगेत पुढेमागे सरकता येतं. चाळिसाव्या आणि एकेचाळिसाव्या आकाराच्या मध्ये असाल तर दोघांचं मिश्रण घ्यायचं. म्हणजे जातसुद्धा चालत्या सुरात बदलता येऊ लागली.

त्याच काळातली एक मुंबईची गोष्ट सांगतो, म्हणजे फरक कळेल. चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये डिस्कोच्या ठेक्यावर दहा रागांची ध्वनिमुद्रिका केली. त्यात ज्युपिटर-8 आणि टीबी-303 ही रोलंड कंपनीची वाद्यं होती. तिथली रीत वेगळी : विजेच्या मंडलातून उपस्वरांनी भरलेला तरंग काढायचा आणि नको ते फिल्टरनं गाळायचं. वेव्हटेबलमध्ये गाळण्याआधीच तरंगाचा आकार आपल्याला हवा तसा निवडता येतो.

कीबोर्डच्या बटणात काय नसतं?

आता ऑर्गनकडे येऊ. पायानं भाता हळू मारला तर सूर लहान येतो आणि मऊही येतो. जोरात मारला तर मोठा होतो, आणि सोबत धारही येते. म्हणजे पायाच्या दाबानं लहानमोठेपणा आणि जात दोन्ही एकदम बदलतात. नटाच्या पदामागे ऑर्गनवाला मागे सरतो आणि पुढे येतो, ते यामुळेच.

साध्या कीबोर्डमध्ये ऑर्गनचा रेकॉर्ड केलेला तुकडा वाजत असतो. आवाज कमी केला की तो मऊ होत नाही, नुसता दूर गेल्यासारखा वाटतो. जात तीच राहते. कमी वाटतं ते हेच. 1990च्या दशकात संगणकाच्या साउंड कार्डांवर ‘वेव्हटेबल’ असं छापलेलं असायचं, पण तिथेही बहुतेक असे रेकॉर्ड केलेले तुकडेच होते. नावावरून फसू नका.

मग आपल्या ऑर्गनचं कोष्टक करता येईल का? येईल. एकच सूर पाच-सहा वेगवेगळ्या दाबांवर स्थिर धरून रेकॉर्ड करा, मऊपासून जोरापर्यंत. प्रत्येकातलं एकेक आवर्तन कापून क्रमानं ठेवा. व्हायटल हे सॉफ्टवेअर 2020 मध्ये आलं. त्याची मूळ आवृत्ती फुकट मिळते आणि तिच्यात स्वतःचा आवाज घालता येतो. मग रांगेतली जागा पायातल्या पेडलला जोडा. आवाजाचा लहानमोठेपणाही त्याच पेडलला जोडा. आता पाय दाबला की सूर मोठाही होईल आणि धारदारही. जागेची चिंता नको. 256 आवर्तनांचं मोठं कोष्टकही साधारण 2 एमबीत बसतं, मोबाइलवरच्या एका फोटोएवढं.

दोन ठिकाणी सांभाळा. पहिलं, सगळी आवर्तनं लाटेच्या एकाच जागेपासून कापा. एक चढावर कापलं आणि दुसरं उतारावर, तर मिसळताना ती एकमेकांना खोडतात आणि मधेच सूर पोकळ होतो.

दुसरं, उंच सुरांचं. सेकंदाला 44,100 आकड्यांत 22,050 कंपनांपर्यंतचंच मावतं. 1760 कंपनांचा सूर घेतला तर त्याचे बाराच उपस्वर बसतात. विसावा उपस्वर 35,200चा. तो नाहीसा होत नाही, उलटा दुमडून 8,900वर येतो. सुरातला पाचवा उपस्वर 8,800वर असतो, त्याच्या शेजारी हा बेसूर पाहुणा. उपाय राइस मिलमधल्या चाळण्यांसारखा आहे. कणी वेगळी करायला जशा वेगवेगळ्या जाळीच्या चाळण्या, तशा एकाच कोष्टकाच्या अनेक प्रती ठेवायच्या. खर्जासाठी सगळ्या उपस्वरांची, तारसप्तकासाठी मोजक्यांची. चांगली सॉफ्टवेअर हे आपणहून करतात.

श्रोत्यांचे प्रश्न

*तबला, झांज यांचंही कोष्टक होईल का?*

झांजेचं नीट होणार नाही. आवर्तन पुन्हा पुन्हा वाचलं की त्यातून दुप्पट, तिप्पट असे पूर्ण पटीतले उपस्वरच निघतात. झांजेचे तसे नसतात. तबल्याची गोष्ट मजेशीर आहे. शाईमुळे त्याचे उपस्वर जवळजवळ पटीत येतात, हे सी. व्ही. रामन यांनी 1920 मध्ये दाखवलं. म्हणून त्याची आस कोष्टकात काही प्रमाणात बसेल. पण बोटाचा आघात बसणार नाही. आघात रेकॉर्ड केलेलाच वापरा.

*मग ऑर्गन तरी हुबेहूब येईल का?*

हुबेहूब नाही. भात्याची हवा, पट्टीची टकटक एका आवर्तनात येत नाही. डबल रीडमधली लाट हवी असेल, तर दोन सूर किंचित वेगळे लावा. एक 220चा, दुसरा 220.5चा, म्हणजे दर दोन सेकंदांनी लाट येईल. पण दाबाबरोबर बदलणारी जात तुमच्या पायाखाली येईल, आणि ती आपल्याच ऑर्गनमधून घेतलेली असेल. जुने ऑर्गन अजून वाजते आहेत आणि ते वाजवणारेही आहेत. तोवर हे रेकॉर्डिंग करून ठेवायला हवं. कारण कोष्टक बनवायला आधी सूर लागतो.