बंगळूरचे विसरलेले वीरगळ

होयसळ राजा वीर बल्लाळ शिकारीच्या नादात वाट चुकला, रानातील एका म्हातारीने त्याला उकडलेले दाणे खाऊ घातले, आणि त्या अन्नाची आठवण म्हणून त्या जागेस ‘बेंदकाळूरु’, म्हणजे उकडलेल्या दाण्यांचे गाव, असे नाव पडले. बंगळूरच्या नावाविषयी ही कथा घरोघर सांगितली जाते. कथा गोड आहे, परंतु ती खरी ठरण्यास एक दगड आडवा येतो. शहराच्या दक्षिणेस बेगूर नावाचे जुने गाव आहे. तेथील नागेश्वराच्या देवळाच्या आवारात एक शिळा असून तिच्यावर जुन्या कन्नड लिपीत काही थोड्या ओळी कोरलेल्या आहेत. बेंगळूरच्या लढाईत नागत्तराचा मुलगा बुट्टण आणि त्याच्या घरचा सेवक पेरोन शेट्टी हे मरण पावले, एवढाच त्यांचा मथितार्थ. अक्षरांच्या वळणावरून हा लेख इसवी सन 890 च्या सुमाराचा ठरतो. वीर बल्लाळ त्यानंतर सुमारे तीनशे वर्षांनी गादीवर आला. केंपेगौडाने 1537 साली शहर वसविले, ते तर त्याहूनही पुष्कळ अलीकडचे. म्हणजे आज कोटीच्या वर वस्तीच्या या महानगराच्या नावाचा सर्वांत जुना पुरावा कोणत्याही ताम्रपटात किंवा राजाच्या प्रशस्तीत सापडला नाही, तो एका तरुणाच्या व एका नोकराच्या स्मारकावर सापडला.

असल्या स्मारकशिळेस मराठीत वीरगळ म्हणतात. हा शब्द कन्नडच्या ‘वीरगल्लु’ या शब्दावरून आलेला आहे. ‘कल्लु’ म्हणजे दगड, तेव्हा वीरगळ म्हणजे वीराचा दगड. कृष्णा–भीमेच्या खोऱ्यांत, सोलापूर–कोल्हापूरकडे, मावळात, कोकणात जुन्या शिवमंदिराच्या आवारात गेल्यास असे पाच-दहा दगड भिंतीला टेकून ठेवलेले दिसतात. मुंबईत बोरिवलीजवळ एकसर येथील वीरगळांवर तर आरमारी लढाईची चित्रे आहेत. शिलाहार सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांच्या तेराव्या शतकातील युद्धाशी अभ्यासक त्यांचा संबंध जोडतात. म्हणून बंगळूरच्या वीरगळांची हकीकत मराठी माणसाला परकी वाटण्याचे कारण नाही.

वीरगळाची रचना बहुधा ठरलेली असते. दगडाचे एकावर एक असे तीन किंवा अधिक कप्पे पाडलेले असतात आणि ते खालून वर वाचायचे असतात. सर्वांत खालच्या कप्प्यात झुंज असते. वीर धनुष्य ताणून किंवा तलवार उपसून उभा असतो, आणि पुष्कळदा त्याच्या मागे गाईगुरांची रांग असते. मधल्या कप्प्यात अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेत असतात. वरच्या कप्प्यात तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला असतो. वीर जैन असल्यास लिंगाच्या जागी जिनाची मूर्ती येते. माथ्यावर चंद्र-सूर्य असतात. ते आकाशात आहेत तोवर या माणसाची कीर्ती राहील, असा त्यांचा अर्थ.

हे वीर कोण होते? सगळेच सेनापती नव्हते. कन्नड लेखांत मृत्यूची कारणे मोठ्या नेमकेपणाने नोंदलेली असतात. गुरे पळविण्यासाठी टोळी आली असता तिच्याशी लढून मेलेला, म्हणजे ‘तुरुगोळ्’ मधला, हा सर्वांत सामान्य प्रकार. गावच्या शिवेच्या भांडणात पडलेला, गावावर धाड आली असता पडलेला, रानडुकराशी झुंजताना पडलेला, असे इतर प्रकार. मंड्या जिल्ह्यातील आतकूरची शिळा बंगळूरच्या सरकारी संग्रहालयात आहे. इसवी सन 949 च्या सुमारास एका रानडुकराशी लढून मेलेल्या काळी नावाच्या शिकारी कुत्र्याची ती स्मारकशिळा आहे. त्या शिळेच्या लेखात राष्ट्रकूट तिसरा कृष्ण व चोळ यांच्यामधील तक्कोलमच्या लढाईचीही हकीकत आलेली असल्यामुळे इतिहासकार कुत्र्यापेक्षा लढाईचीच चर्चा अधिक करतात, हा भाग वेगळा. पतीच्या मागे सती गेलेल्या स्त्रियांच्याही शिळा आहेत. कोपरात वळवून वर केलेला बांगड्यांनी भरलेला हात ही त्यांची खूण. कन्नडात त्यांना ‘मास्तिकल्लु’, म्हणजे महासतीचा दगड, म्हणतात. मराठीत तो सतीचा दगड.

मेलेल्या वीराच्या कुटुंबास जमीन देण्याची चाल होती. तिला ‘कल्नाडु’ म्हणत, आणि ती पुष्कळदा त्याच शिळेवर नोंदलेली असे. पुढे मराठेशाहीत कामी आलेल्या शिपायाच्या मुलाबाळांना बालपरवेशी मिळे, तशातलीच ही तजवीज. तेव्हा वीरगळ हे एकाच वेळी स्मारक, देवस्थान आणि जमिनीचा दस्तऐवज होते. यांतले दस्तऐवजपण प्रथम संपले. राज्ये बदलली, इनामे गेली, आणि दगडाकडे लक्ष ठेवण्यात ज्यांचा स्वार्थ होता ते घराणे विखुरले. मग लिपी जुनी झाली. आपल्याच भाषेतला लेख आपल्यालाच वाचता येईनासा झाला, की दगड मुका होतो.

तरीही गावे होती तोवर दगड टिकून होते. कोणी त्यांना शेंदूर लावी, कोणी तेल वाही. कोणत्या वीराचा दगड हे ठाऊक नसले तरी त्याच्यावर पाय ठेवू नये एवढे ठाऊक असे. बंगळूर वाढू लागले तेव्हा हे चित्र पालटले. तळी बुजली, शेते वसाहतींत गेली, गावठाणे शहराच्या पोटात शिरली, आणि दगड कोणाच्या तरी पायाभरणीच्या वाटेत आला. काही दगड गटारावरच्या फरशा झाले, काही धुण्याचे दगड झाले, काही रस्त्याखाली गाडले गेले. काही तर खाली धन पुरलेले आहे या समजुतीने उखडून फोडले गेले. मल्लेश्वरच्या काडु मल्लेश्वराजवळ 1669 चा एक कन्नड शिलालेख आहे. शहाजीराजांचे पुत्र एकोजी यांनी मल्लपुरातील मल्लिकार्जुन देवास मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दिल्याचे त्यात नमूद आहे. हा वीरगळ नव्हे, दानलेख आहे. पण ज्या गावाचे दान दिले ते गाव आज नकाशावर नाही आणि त्याचे नाव दगडावर आहे, यावरून दगड फुटला तर काय जाते ते ध्यानात यावे.

या दगडांची पहिली व्यवस्थित मोजदाद केली ती बेंजामिन लुईस राइस यांनी. राइस हे बंगळुरातच 1837 साली जन्मले आणि पुढे म्हैसूर संस्थानच्या पुराणवस्तू खात्याचे प्रमुख झाले. ‘एपिग्राफिया कर्नाटिका’ या त्यांच्या ग्रंथमालेचा नववा खंड, बंगळूर जिल्ह्याचा, 1905 साली निघाला. त्यात तालुकावार अनुक्रम लावून गावाचे नाव, दगड कोठे आहे ते ठिकाण, मूळ पाठ आणि इंग्रजी भाषांतर दिलेले आहे. वेशीजवळ, तळ्याच्या बांधावर, अमक्याच्या शेतात, अशी ती ठिकाणे. आज शोध करणाऱ्याचे काम येथूनच सुरू होते आणि येथेच अडते. कारण वेस पडली आहे, तळे बुजले आहे आणि शेताचे मालक चार वेळा बदलले आहेत.

अशा स्मारकांचा शोध ही केवळ आपल्याकडची अडचण नाही. अमेरिकेत गुलामगिरीच्या काळात मेलेल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांची स्मशाने अशीच हरवली. न्यूयॉर्कच्या मॅनहटन भागात 1991 साली एका सरकारी इमारतीसाठी खोदकाम चालू असताना अशी दफनभूमी उघडी पडली. चारशे एकोणीस व्यक्तींचे अवशेष बाहेर काढून अभ्यासले गेले, 2003 साली ते पुन्हा सन्मानाने पुरले गेले, आणि 2006 साली ती जागा राष्ट्रीय स्मारक ठरली. दक्षिणेकडील मळ्यांवर तर कबरींवर नावे नव्हतीच. अनघड दगड ठेवलेले असत. तेथील शोधक जमिनीला पडलेले लांबट खळगे पाहतात आणि कबरीवर लावण्याची चाल होती अशा वनस्पती पाहतात. सदाफुलीच्या कुळातील एक सदाहरित वेल रानात मध्येच दाट पसरलेली दिसली की तेथे थांबून पाहावे, हा त्यांचा अनुभव आहे. 2022 च्या अखेरीस तेथे अशा दफनभूमींच्या शोधासाठी व सांभाळासाठी स्वतंत्र कायदा झाला. त्यांच्या आणि आपल्या प्रश्नांत एक फरक मात्र विसरू नये. तेथे त्या माणसांची नावे मुळातच लिहू दिली नव्हती. आपल्याकडे पुष्कळांची नावे लिहिलेली आहेत, आपण वाचीत नाही.

शोधाची रीत साधी आहे, पण चिकाटीची आहे. राइसच्या खंडातील गावाचे नाव घ्यावे, जुने मोजणी नकाशे काढून आजच्या वस्तीवर ते बसवावे, मग त्या भागात हिंडून मूळ गावकऱ्यांची घरे शोधावीत. नव्या वसाहतीतील माणसाला शिलालेख म्हणून विचारल्यास उत्तर मिळत नाही. जुन्या घरातील वृद्धेला ‘लढणाऱ्या माणसाचा दगड’ असे विचारल्यास ती बोट दाखविते. गेल्या काही वर्षांत बंगळुरातील काही हौशी नागरिकांनी हे काम सुटीच्या दिवशी हिंडून केले आहे, आणि त्यांना खंडात नसलेले दगडही मिळाले आहेत. हेब्बाळ येथे 2018 साली खोदकामात मिळालेला किट्टय्याचा वीरगळ त्यांपैकी सर्वांत मोलाचा. गंग राजा श्रीपुरुष याच्या कारकिर्दीत, म्हणजे सुमारे इसवी सन 750 मध्ये, ‘पेर्बोळल्नाडु तीस’ या विभागावर रट्टवाडीचे, म्हणजे राष्ट्रकूटांचे, सैन्य आले असता किट्टय्या लढून मेला, असा त्यातील लेख आहे. बंगळूर शहरातील आजवर ज्ञात असलेला हा सर्वांत जुना कन्नड लेख होय. तेथील रहिवाशांनी पुढे त्याच्यासाठी गंगकालीन धर्तीचा मंडप उभारला.

दगड मिळाल्यावर तो वाचणे हे दुसरे काम. झिजलेली अक्षरे भर दुपारी दिसत नाहीत. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात, किंवा रात्री बाजूने धरलेल्या दिव्यात, तीच अक्षरे उठून येतात. जुनी शास्त्रीय रीत म्हणजे ठसा घेणे: दगड धुऊन त्याच्यावर ओला कागद बसवितात, ब्रशने ठोकून तो अक्षरांच्या खाचांत उतरवितात आणि वरून शाईची पुरचुंडी फिरवितात. खाचा पांढऱ्या राहतात, बाकी काळे होते. 1909 साली स्थापन झालेल्या बंगळूरच्या मिथिक सोसायटीने 2021 पासून याच्या पुढचे पाऊल टाकले आहे. प्रकाशाच्या साहाय्याने दगडाच्या पृष्ठभागाचे सूक्ष्म मोजमाप घेऊन त्याची तिन्ही मितींची प्रतिमा संगणकावर साठविली जाते. मग ऊन पाहिजे त्या कोनातून पाडता येते, आणि जुन्या वाचनातील चुकाही दुरुस्त होतात. उद्या दगड नाहीसा झाला तरी अक्षरे हाती राहतात.

परंतु अक्षरे राहिली म्हणजे दगड राहिला असे नाही. सांभाळाच्या बाबतीत चांगल्या हेतूने झालेली हानी वाईट हेतूने झालेल्या हानीहून कमी नाही. अक्षरे स्पष्ट दिसावीत म्हणून तारेच्या ब्रशने किंवा आम्लाने घासणे, रंग देणे, सिमेंटात पक्का बसविणे, या सर्व गोष्टी दगडाचा जीव घेतात. सिमेंटातील व जमिनीतील क्षार ओलीबरोबर दगडात चढतात आणि वरचा पापुद्रा सुटतो. मऊ ब्रश, स्वच्छ पाणी आणि जमिनीपासून थोडी उंच बैठक एवढे पुष्कळ आहे. पूजेचा प्रश्न अधिक नाजूक आहे. तेलाच्या पुटांखाली लेख दिसेनासा होतो, हे खरे. पण ज्या दगडाची पूजा होते तो सहसा कोणी फोडीत नाही, हेही तितकेच खरे. पूजा बंद पाडण्यापेक्षा पूजकालाच लेखाचा अर्थ वाचून दाखविणे शहाणपणाचे. आपण ज्याला ग्रामदेव समजून फूल वाहतो तो किट्टय्या नावाचा माणूस होता, हे कळल्यावर भक्ती कमी होते असा अनुभव नाही.

दगड संग्रहालयात न्यावा की जागेवरच ठेवावा, यावर मतभेद आहेत. बेगूरचाच आणखी एक वीरगळ, हत्ती-घोड्यांच्या तुंबळ युद्धाचे चित्र असलेला, संग्रहालयात सुरक्षित आहे आणि त्याची चित्रे ग्रंथांतून छापली जातात. परंतु वीरगळ हा जागेशी बांधलेला पुरावा आहे. शीव कोठे होती, वाट कोठून जात होती, गुरे कोठे चरत होती हे त्याच्या ठिकाणावरून कळते. कपाटाशेजारी नेऊन ठेवल्यावर त्यातले निम्मे बोलणे बंद होते. जेथे शेजारी राखण करण्यास तयार आहेत तेथे दगड जागेवरच राहावा, आणि जेथे रस्ता किंवा इमारत टळणारच नाही तेथेच तो हलवावा, हा मार्ग बरा. मात्र हलविण्यापूर्वी मूळ जागेची मोजमापासह नोंद झाली पाहिजे.

कायद्याचे बळ या कामी आहे, पण ते तुटपुंजे आहे. 1958 चा केंद्रीय कायदा आणि 1961 चा कर्नाटकाचा कायदा संरक्षण देतात ते मुख्यतः अधिसूचित स्मारकांना, आणि गल्लीच्या कोपऱ्यावरील सुट्या दगडाची अधिसूचना क्वचितच निघते. 1972 च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या कोरीव वस्तूंचा समावेश पुरावस्तूंत होतो; त्यामुळे विक्रीला व परदेशी नेण्याला आळा बसतो, फोडण्याला तितकासा नाही. जमिनीत गाडलेला दगड निघाल्यास लागू पडू शकणारा आणखी एक कायदा गुप्तधनाविषयीचा आहे. मोलाची वस्तू सापडल्यास ती सापडणाऱ्याने सरकारी अधिकाऱ्यास लेखी कळवावे, असे तो सांगतो. किट्टय्याच्या दगडाची किंमत रुपयांत कशी करावयाची, हे कोणत्याही कलमात सांगितलेले नाही. तोवर पाया खणताना कोरीव दगड लागल्यास कुदळ थांबवावी, आहे त्या स्थितीत छायाचित्र घ्यावे आणि तहसील कचेरीस किंवा पुरातत्त्व खात्यास कळवावे.